वेदना पोटरीत उतरली, म्हणजे कंबर बरी झाली का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ४१ वर्षांचे आहेत, नागपूरच्या मनीषनगरात राहतात आणि नोकरीसाठी रोज चारचाकीने बुटीबोरीला ये-जा करतात. तीन वर्षांपासून ते धावत आहेत. जानेवारीतल्या २१ किलोमीटरच्या स्पर्धेसाठी त्यांनी पाच आठवड्यांत आपले धावणे आठवड्याला २५ किलोमीटरवरून ४५ वर नेले आणि त्यातच सेमिनरी हिल्सच्या चढावर वेगाच्या फेऱ्या सुरू केल्या. एका सकाळी पाण्याची २० लिटरची कॅन उचलताना कंबरेत उसण भरली. ती आठवड्याभरात ओसरली, पण तिच्या पाठोपाठ डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत चमक जाऊ लागली. आता या गोष्टीला नऊ आठवडे झाले आहेत. एमआरआयच्या अहवालात एल५-एस१ या जागी, म्हणजे कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे हाड यांच्यामध्ये, गादी बाहेर आली असून ती तिथून पायात जाणाऱ्या डाव्या एस१ नसेला टेकली आहे, असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी धावणे कायमचे बंद करण्यास सांगितले, तर धावणारे मित्र 'एवढे तर चालायचेच' म्हणतात. धावण्यामुळेच गादी सरकली का, पुन्हा धावता येईल का आणि जानेवारीची स्पर्धा धरावी की सोडावी, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे: "आता कंबर अजिबात दुखत नाही. फक्त पोटरीत दुखते, तेही पूर्वीपेक्षा कमी, आणि करंगळीच्या बाजूला बधिर वाटते, म्हणजे बरे होत आहे असे समजतो. जिना चढताना डावी टाच थोडी खाली बसते, तेवढेच."

मी नागपुरात २२ वर्षे फिजिओथेरपी करतो आणि स्वतःही धावतो. तुम्हाला तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सगळे त्या मर्यादेत वाचावे. पण माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न त्या तीन प्रश्नांत नसून शेवटच्या दोन वाक्यांत आहे. कंबर शांत झाली, वेदना कमी झाली आणि टाच खाली बसू लागली, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांचा अर्थ 'बरे होत आहे' असा लावता येत नाही. कदाचित बरे होत असेलही. पण ते वेदनेवरून नव्हे, त्या टाचेवरून ठरवावे लागेल.

आधी वेदना खाली उतरण्याविषयी. नस दुखावली की वेदनेचा प्रवास पाहायचा असतो. दुखणे वाढत असेल तर वेदना कंबरेतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून मांडीत आणि तिथून पोटरीत व पावलात जाते. बरे होताना ती बहुधा उलट्या वाटेने वर सरकते, आणि पाय मोकळा होत असतानाच कंबर पुन्हा थोडी दुखू लागते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५०च्या दशकात हे हेरले आणि त्यावर उपचाराची एक संपूर्ण पद्धत उभी केली. माझ्याकडे येणारे रुग्ण नेमके उलटे समजतात. "सर, पाय बरा आहे पण कंबर पुन्हा धरली," असे कोणी घाबऱ्या आवाजात सांगितले की मला बरे वाटते. "कंबर एकदम फ्री झाली, आता फक्त पोटरी" असे कोणी हसत सांगितले की मी त्यांना बूट-मोजे काढायला सांगतो.

यामागचे कारण समजण्यासाठी गादी आणि नस यांचे नाते थोडे पाहावे लागेल. 'गादी सरकली' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे, पण गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या वलयाला चीर जाते आणि आतला मऊ भाग त्या चिरेतून मागच्या बाजूला फुगतो किंवा बाहेर येतो. (आपल्याकडे दुसरा लाडका शब्द आहे 'मणक्यात गॅप आला', वास्तविक झिजलेल्या गादीच्या जागी मणक्यांमधले अंतर कमी झालेले असते, वाढलेले नसते.) बाहेर आलेला हा भाग नसेला दोन प्रकारे त्रास देतो. एक तर तो नसेवर दाबतो, आणि दुसरे म्हणजे त्यातील रासायनिक द्रव्यांमुळे नसेभोवती दाह होतो, ती सुजते. भयंकर चमक मुख्यतः या दाहामुळे येते. निव्वळ दाबामुळे बधिरपणा आणि अशक्तपणा येतो; पंगतीत तासभर मांडी घालून बसल्यावर पाय जड होतो, त्याला मुंग्या येतात, पण तो ठणकत नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. पहिल्या काही आठवड्यांत दाह आपोआप ओसरतो आणि वेदना उतरते. दाब मात्र तसाच राहू शकतो. म्हणून वेदना कमी होणे आणि नस बरी होणे या दोन घटना बऱ्याचदा एकत्र घडत असल्या, तरी त्या एकच नाहीत.

कंबरेतील गादीचा त्रास बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दोन जागी, म्हणजे एल४-एल५ किंवा एल५-एस१ येथे होतो. एल४-एल५ ची गादी सहसा एल५ नसेला दाबते. त्या नसेचे काम पाऊल आणि अंगठा वर उचलण्याचे आहे. ती कमजोर झाली की धावणाऱ्याचे पाऊल जमिनीवर अलगद न टेकता 'थप्प' असा आवाज करत आपटते. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांवर पहाटेच्या शांततेत हा आवाज सोबत धावणाऱ्यालाही ऐकू येतो, आणि काही दिवसांत त्या बुटाचे टोक पुढून घासलेले दिसते. एल५-एस१ ची गादी एस१ नसेला दाबते, जशी तुमची दाबत आहे. ही नस पोटरीच्या स्नायूंना ताकद देते, पावलाच्या बाहेरच्या कडेची आणि करंगळीची संवेदना वाहते, आणि टाचेच्या शिरेवर हातोडी मारल्यावर पाऊल जो झटका देते तोही तिच्यातूनच येतो. तुमची करंगळी, तुमची पोटरी आणि तुमची टाच तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवत आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत एमआरआय आणि शरीर एकच गोष्ट सांगत आहेत असे दिसते.

धावणाऱ्याला पोटरीची कमजोरी उशिरा का कळते, हेही सांगायला हवे. पोटरी हा शरीरातील अतिशय ताकदवान स्नायूसमूह आहे. धावताना तिच्यातला सोलियस हा खोलवरचा स्नायू एकटाच शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर पेलतो. एवढी मोठी शिल्लक असल्यामुळे तिची तिसरा हिस्सा ताकद गेली तरी चालताना काहीच जाणवत नाही. टेबलावर झोपवून हाताने दाबून तपासले तरी भल्याभल्यांना फरक कळत नाही, कारण तपासणाऱ्याचा हात रुग्णाच्या पोटरीपेक्षा कितीतरी दुबळा असतो. म्हणून ती मोजण्याची एकच चांगली घरगुती पद्धत आहे. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, तोल सांभाळण्यापुरती दोन बोटे भिंतीला टेकवा आणि आधी चांगल्या पायावर, गुडघा ताठ ठेवून, टाच पूर्ण वर उचला आणि खाली टेकवा. साधारण दोन सेकंदांना एक, या गतीने मोजत जा. मी क्लिनिकमध्ये पहिल्या वेळी टाच जिथवर उठते त्या उंचीवर रुग्णाच्या पायामागे भिंतीवर पेन्सिलची रेघ ओढतो. टाच त्या रेघेच्या खाली राहू लागली, गुडघा वाकू लागला किंवा शरीर पुढे झुकू लागले की मोजणी थांबते. निरोगी प्रौढाने वीस ते पंचवीस वेळा टाच उचलावी अशी अपेक्षा असते. मग दुसरा पाय. चांगला पाय २४ आणि दुखरा पाय २० असेल तर मी निश्चिंत असतो. चांगला २४ आणि दुखरा ९ असेल, आणि तरीही रुग्ण सांगत असेल की दुखत तर काहीच नाही, तर मी त्याच दिवशी मणक्याच्या शल्यचिकित्सकांना फोन करतो. दुखऱ्या पायाची टाच एकदाही पूर्ण उठत नसेल, किंवा आकडा आठवड्या-आठवड्याला घसरत असेल, तर घरी व्यायाम करत वाट पाहण्यात अर्थ नाही. 'जिना चढताना टाच खाली बसते' या तुमच्या वाक्यावरून मला भीती वाटते की तुमचा आकडा दहाच्या आसपास असेल. मी चुकलो असेन तर आनंदच आहे, पण हे आज संध्याकाळीच करून पाहा.

त्याहून तातडीची एक गोष्ट आहे. लघवी सुरू व्हायला त्रास होणे, ती तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावर ताबा न राहणे, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा येणे, किंवा दोन्ही पायांत एकदम मुंग्या व अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही झाले तर कोणाच्या उत्तराची वाट न पाहता, रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जावे. अशा वेळी कंबरेतल्या नसांचा पूर्ण जुडगाच दाबला गेलेला असू शकतो आणि तो दाब लवकरात लवकर, शक्यतो ४८ तासांच्या आत, काढावा लागतो. हे क्वचित घडते, पण ज्यांच्या बाबतीत घडते त्यांपैकी अनेक जण संकोचामुळे लघवीविषयी बोलत नाहीत आणि मौल्यवान वेळ जातो.

आता एमआरआयकडे. तुमच्या डॉक्टरांनी अहवाल पाहून धावणे कायमचे बंद करायला सांगितले असेल, तर त्या सल्ल्याशी मी सहमत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना कंबरेचा काहीही त्रास नाही अशा ३,११० लोकांची चित्रे एकत्र अभ्यासली गेली. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांमध्ये गाद्यांची झीज आणि ५० टक्क्यांमध्ये गादीचा फुगवटा दिसला. म्हणजे फुटाळा तलावाच्या काठी फिरायला आलेल्या तुमच्या वयाच्या कुठल्याही दहा ठणठणीत माणसांचा एमआरआय काढला तर निम्म्यांच्या अहवालात भीतीदायक शब्द सापडतील. अहवालाला अर्थ येतो तो पायाच्या तपासणीशी जुळल्यावर. आणखी एक विरोधाभास असा की गादीचा तुकडा जितका मोठा आणि सुटा होऊन बाहेर पडलेला असतो, तितका शरीराने तो हळूहळू शोषून टाकण्याचा संभव जास्त असतो. नुसता फुगवटा मात्र बहुधा तसाच राहतो. चित्र वाईट, म्हणून भवितव्य वाईट, असे समीकरण इथे चालत नाही.

धावण्यामुळे हे झाले का? मला तसे वाटत नाही, निदान थेट तरी नाही. दीर्घकाळ नियमित धावणाऱ्यांच्या गाद्यांमध्ये न धावणाऱ्यांपेक्षा पाण्याचे प्रमाण चांगले असते, असे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले आहे. मध्यम वेगाचा, लयीत येणारा भार गादीला मानवतो. तुमच्या हकिगतीत मला तीन संशयित दिसतात आणि तिघांनी मिळून काम केले असावे. पाच आठवड्यांत धावणे जवळजवळ दुप्पट करणे हा पहिला. रोज गाडीच्या सीटवर कंबर गोल करून बसणे हा दुसरा. तिसरी ती सकाळची पाण्याची कॅन. रात्रभर आडवे राहिल्यावर गादी पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात ती ताणलेल्या फुग्यासारखी असते आणि त्याच वेळी कंबरेत वाकून २० किलो उचलणे हे तिच्यासाठी सर्वांत वाईट. थकलेल्या गादीला पहिली चीर त्या कॅनने पाडली असावी आणि नंतरच्या चढावरच्या फेऱ्यांनी, जिथे आपण पुढे झुकतो आणि नस ताणली जाते, ती नस चिडवत ठेवली असावी. हे अनुमान आहे. पण मार्चपासून जूनपर्यंत ऊन टाळण्यासाठी साडेचारला उठून पाचला रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या शहरातल्या प्रत्येक धावणाऱ्याने फुगलेल्या गादीची ही गोष्ट लक्षात ठेवावी. उठल्यावर अर्धा-पाऊण तास घरात वावरावे, धावण्याआधी दहा मिनिटे चालावे आणि त्या वेळात खाली वाकून अंगठे पकडणे टाळावे.

प्रत्येक कुल्ला-मांडीचे दुखणे कंबरेच्या नसेचे नसते, हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी विशीतली एक धावपटू उजव्या कुल्ल्याच्या दुखण्याने माझ्याकडे आली. कंबरेच्या एमआरआयमध्ये लहानसा फुगवटा होता, आणि मी सहा आठवडे सायटिका, म्हणजे कंबरेच्या नसेचे पायात उतरणारे दुखणे, समजून उपचार केले. ती सांगत होती की खोकल्याने दुखत नाही, पायाला बधिरपणा नाही, फक्त त्या पायावर उडी मारली की जीव जातो. मी ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. शेवटी ओटीपोटाच्या हाडांचा वेगळा एमआरआय झाला तेव्हा त्रिकास्थीला, म्हणजे कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाला, ताणाने गेलेली बारीक भेग दिसली. कंबरेच्या नेहमीच्या चित्रात त्या हाडाच्या कडा नीट येतच नाहीत. तिची पाळी सात महिने आली नव्हती आणि ती आठवड्यातून दोन कडक उपास करत होती, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून धावणाऱ्या प्रत्येक मुलीला हे दोन प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारतो.

विदर्भात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि या आजारात खुब्याच्या सांध्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजू शकतो. तरुण मुलाला जांघेत आणि कुल्ल्यात दुखते, तो थोडा लंगडतो, आणि कुटुंबात सिकलसेल आहे, असे असेल तर कंबरेच्या आधी खुबा तपासला पाहिजे. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, बारीक ताप आणि घटणारे वजन असेल तर मणक्याच्या क्षयरोगाचा विचार आपल्या देशात करावाच लागतो. ठरावीक अंतर धावल्यावरच पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येतो आणि थांबल्यावर पंधरा मिनिटांत जातो, तेव्हा कारण बहुधा पोटरी-नडगीच्या आवरणात स्नायू फुगण्याचे असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर होते पण ताकद शाबूत असते, तेव्हा मी आधी मोबाइल ठेवायचा कमरेचा घट्ट पट्टा सोडायला सांगतो. तुमची लक्षणे यांपैकी कशाशी जुळत नाहीत, पण हे वाचणाऱ्या इतरांची जुळू शकतील.

उपचारांविषयी. अंथरुणाला खिळून राहिल्याने सायटिका लवकर बरी होत नाही, हे १९९९ मध्येच नेदरलँड्समध्ये नीट तपासले गेले आहे. तीव्र कळ असेल तेव्हा एक-दोन दिवस आराम ठीक, नंतर दर तासाला थोडे चालणे अधिक चांगले. कंबरेचा पट्टा बुटीबोरीच्या प्रवासापुरता बांधायला हरकत नाही. दिवसभर बांधू नये. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिनच्या गोळीचा सायटिकामध्ये निरुपद्रवी खोट्या गोळीपेक्षा अधिक उपयोग होत नाही आणि चक्कर मात्र जास्त येते, असे २०१७ मधील एका चांगल्या चाचणीत दिसले. तरी ती तुम्हाला सुरू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. बी१२ च्या गोळ्या दबलेल्या नसेचा दाब काढत नाहीत, पण शाकाहारी माणसाने रक्तातील बी१२ एकदा तपासून घ्यावे, कारण कमतरता असेल तर बधिरपणाला तीही हातभार लावते. मणक्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काहींना काही आठवडे बरे वाटते आणि तेवढ्या काळात व्यायाम करता येतो. त्याहून जास्त अपेक्षा धरू नये. कडकड आवाज काढून 'नस मोकळी' करणाऱ्यांच्या चित्रफिती सध्या फार फिरतात. पायाची ताकद गेलेली असताना कोणालाही कंबर पिळू देऊ नका, एवढेच मी त्याविषयी सांगेन.

आणि ताणण्याचे व्यायाम. रविवारी सकाळी वॉकर्स स्ट्रीटवर गेलो की कठड्यावर टाच ठेवून, गुडघा ताठ करून, नाक गुडघ्याला लावायचा प्रयत्न करणारे किमान चार जण दिसतात, आणि त्यातला एखादा नक्की सांगतो की मांडीची मागची शीर आखडली आहे, ती रोज ताणतो पण सुटतच नाही. बऱ्याचदा ती शीर नसते, ती चिडलेली नस असते, आणि दुखऱ्या नसेला दोरीसारखे रोज ताणल्याने ती आणखी चिडते. मी त्याऐवजी नस पुढे-मागे सरकवण्याचा हलका व्यायाम देतो: खुर्चीवर ताठ बसून गुडघा सरळ करताना मान वर उचलायची आणि पाय खाली घेताना मान खाली घ्यायची, म्हणजे नसेचे एक टोक ताणले जाते तेव्हा दुसरे सैल होते. दहा-बारा वेळा, वेदना न होईल इतपतच. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलण्याचा व्यायाम ज्यांची वेदना त्याने वर सरकते त्यांना फार उपयोगी पडतो. त्याने वेदना पोटरीत अधिक उतरत असेल तर तो तुमचा व्यायाम नाही.

शस्त्रक्रियेबाबत लोक एक तर फार घाबरतात किंवा फार घाई करतात. नेदरलँड्समध्येच २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्यांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना थांबवले. शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना लवकर गेली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे प्रश्न निव्वळ वेदनेचा असेल तर निवड बरीचशी रुग्णाच्या हातात असते: लवकर सुटका हवी की वाट पाहण्याची तयारी आहे. ताकद घटत असेल तेव्हा मात्र हे गणित बदलते, कारण फार काळ दबलेल्या नसेतील तंतू मरू शकतात. मेलेले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात, आणि कंबरेपासून पोटरीपर्यंतचे अंतर पाऊण मीटरच्या आसपास आहे. शेजारच्या जिवंत तंतूंनी फाटे फोडून काम वाटून घेतले तर ताकद त्याआधीही येते, पण भरवसा त्यावर ठेवता येत नाही. म्हणून तुमच्या टाचेचा आकडा निम्म्याहून कमी निघाला तर या आठवड्यात मणक्याच्या शल्यचिकित्सकांना दाखवा. शस्त्रक्रियेला होकार देण्यासाठी नव्हे, तर निर्णय वेळेत होण्यासाठी.

पुन्हा धावता येईल का, याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत होय असेच आहे, शस्त्रक्रिया झाली तरी. मी तारखेपेक्षा काही खुणांवर चालतो. दैनंदिन कामात सलग दोन आठवडे गुडघ्याखाली वेदना नको. पाऊण तास झपझप चालल्यावर पायात काही नवे जाणवू नये. टाच उचलण्याचा आकडा चांगल्या पायाच्या किमान ८५ टक्के हवा. त्या एका पायावर वीस लहान उड्या वेदनेविना मारता याव्यात. करंगळीचा बधिरपणा पूर्ण जाण्याची वाट मी पाहत नाही, कारण तो सर्वांत शेवटी जातो आणि थोडा उरला तरी धावण्यात अडथळा येत नाही. टाचेच्या शिरेचा झटका तर काहींमध्ये कधीच परत येत नाही आणि ते लोक वर्षानुवर्षे उत्तम धावतात. सुरुवात एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशा आठ फेऱ्यांनी, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी आदल्या दिवसासारखीच असेल तर फेरी थोडी वाढवावी, खाली उतरलेली वेदना जाणवली तर एक पायरी मागे यावे. पावले थोडी आखूड आणि जलद टाकावीत. सेमिनरी हिल्सचा चढ आणि विशेषतः उतार निदान दोन महिने विसरावा. सिमेंटच्या रस्त्याला आपण सगळे दोष देतो, पण शरीर पृष्ठभागाप्रमाणे पायाचा ताठरपणा आपोआप बदलून घेते, म्हणून मातीचे मैदान मिळाले तर छान, न मिळाले तर त्यासाठी अडून बसू नये. त्यापेक्षा गाडीच्या सीटच्या पाठीला, कंबरेच्या पोकळीत, टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि वाटेत जामठ्याच्या आसपास दोन मिनिटे गाडी बाजूला घेऊन उभे राहा.

जानेवारीची स्पर्धा सोडा. तुम्ही उद्यापासून बरे होऊ लागलात असे गृहीत धरले तरी वरच्या खुणा पूर्ण व्हायला महिना-दीड महिना जाईल, त्यानंतर चालत-धावत पाच किलोमीटरपर्यंत पोहोचायला तेवढाच काळ, आणि २१ किलोमीटरची तयारी त्याच्याही पुढे. नावनोंदणीचे पैसे गेले तर जाऊ द्या; त्या दिवशी मित्रांना पाणी द्यायला उभे राहा आणि नंतर त्यांच्यासोबत तर्री-पोहे खा, त्याला नसेची काही हरकत नाही.

तोवर दर रविवारी एकाच वेळी, एकाच भिंतीपाशी, दोन्ही टाचांचे आकडे तारखेसह लिहून ठेवा. आजचे दोन आकडे मला इथेच कळवा. ते वाचल्याशिवाय व्यायामाबद्दल याहून अधिक सांगणे मला योग्य वाटत नाही.